डाव्या कानामागे

निर्जंतुक चिमटा. ग्लूचा थेंब. मिटलेले डोळे. डाव्या कानामागे काहीच नाही. कृत्रिम पापण्या लावणारीने उजव्या कानामागेही पाहिलं. काल तिनेच अ‍ॅलर्जीच्या टेस्टसाठी या मुलीच्या डाव्या कानामागे, तिळाशेजारी, ग्लूचा ठिपका लावला होता. लाली नव्हतीच, पण तीळही नव्हता! भलत्याच कुणाला तपासलं की काय? “अगं, तुझा तीळ कुठे गेला?” मुलगी डोळे न उघडता हसली. “तो धाकटीचा. आम्ही जुळ्या, ताई. मला सुट्टी नव्हती, म्हणून तिला पाठवलं. कातडी एकच की! उरका ना, संध्याकाळी नाटकाचा प्रयोग आहे.” चेहरा तोच, आवाजही तोच. हातातला चिमटा पुढे जाईना, मागेही येईना. “मग पापण्याही तिलाच लावते,” म्हणत तिने तो ट्रेमध्ये ठेवला. मागच्या वर्षी दुसरीकडे पापण्या लावल्यावर या थोरलीचे डोळे सुजून चार दिवस उघडले नव्हते.