बाप हरवून दे

"बाप हरवलाच पाहिजे," मितेश फोनवर पुन्हा म्हणाला.

झालं! आला परत बाप. कल्पिताने कपाळावर हात मारला. नरपडच्या घराच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसायचं आणि मुंबईच्या एका कंपनीच्या व्हिडिओ गेमसाठी गोष्टी लिहायच्या, हे तिचं काम; मितेश तिथला तिचा साहेब. आता एक जुना गेम नव्याने काढायचा होता. त्यात खजिने धुंडाळत फिरणारी नायिका. पहिल्यांदा गेम आला तेव्हा तिचा बाप वाळवंटात हरवला होता. मग नव्याने काढला, तेव्हा बर्फात. आता म्हणे समुद्रात हरवायचा. एकच बाप, बिचारा हरवणार तरी किती वेळा?

"सर, तिला ते बेट बघायचंय. म्हणून ती निघते. एवढं पुरे की!"

"नुसतं बघायचंय? हे काय कारण झालं? लोकांना पटायला नको?"

"मग आपल्या त्या दुसऱ्या गेममधला पोरगा? तो सकाळी उठतो नि सरळ खजिना शोधायला निघतो. त्याचा बाप कुठे हरवलाय?"

"त्याचं वेगळं आहे गं." मितेश वैतागला. "संध्याकाळपर्यंत बाप हरवून दे. नाहीतर मी रूपेशला लिहायला सांगतो."

रूपेश! त्याला काय, तो आई-बाप दोघंही हरवून देईल. पण ही नायिका कल्पिताची होती. पहिल्यांदाच कंपनीने एक अख्खी नायिका तिच्या हाती दिली होती, आणि त्या पोरीने घराबाहेर पाऊलसुद्धा स्वतःच्या मनाने टाकायचं नाही? कल्पिताच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

समोर अंगणात तिचा बाप, भिकू, फाटलेलं जाळं सांधत बसला होता. पहाटे बोट निघायची होती.

"बाबा, उद्या मला ने ना बोटीवर."

"कशाला?"

"बघायला. समुद्रावर लिहिते मी, नि किनाऱ्याच्या पलीकडे कधी गेले नाही."

"नुसतं बघायला कोण येतं गं बाय दर्यात?"

"नविनला नेलंस की! एवढासा होता तो. त्याचं काय काम अडलं होतं?"

"त्याला हौस होती," भिकू सहज बोलून गेला आणि पुढची गाठ मारू लागला.

हौस! धाकट्या भावाला तेवढी हौस, आणि ती काय किनाऱ्यावर उभी राहून मासळीच्या टोपल्या उतरवून घ्यायलाच जन्मली होती? लॅपटॉप उचलून वाळूत भिरकावून द्यावा, असं तिला वाटलं. तेवढ्यात परत फोन वाजला.

"काय ठरलं मग?"

"हरवते!" कल्पिता ओरडलीच. "समुद्रातच हरवते बापाला. पार बुडवूनच टाकते, म्हणजे पटेल सगळ्यांना!"

आतून तिची आई, नवशी, पदराला हात पुसत धावत आली. "जीभ झडो तुझी! घरचा माणूस पहाटे दर्यावर जायचाय, नि हे काय अभद्र बोलतेस?"

भिकूचे हात थांबले होते.

"कोणाचा बाप गं?" त्याने विचारलं.

कल्पिताने फोन बंद केला.

"जिला दर्यात जायचंय, तिचा."