मंगळवारचं बीट

आईने ताटात पुन्हा बीट वाढलं आणि वर ठेचलेल्या लसणाचा ढीग ठेवला.

"आई, अगं आज मंगळवार," ल्वाझी म्हणाला. दक्षिण आफ्रिकेतल्या त्यांच्या मडंत्साने वस्तीत बीट शोभतं ते रविवारच्या ताटात.

"गुपचूप खा. रक्त वाढतं," असं म्हणून आईने एप्रनला डोळे पुसले.

पंधरा दिवस हेच चाललं होतं. गुरुवारी चर्चच्या बायका घरी येऊन 'एका बिचाऱ्या लेकरासाठी' तासभर प्रार्थना करून गेल्या. जाताना चौघींनीही ल्वाझीचा गाल कुरवाळला. त्याचा मित्र मंडिसी तर काल हातभर लांब सरकला आणि म्हणाला, "तुला गोळीची गरजच काय रे? या वासापुढे जवळ कोण येणार?"

ही गोळी एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची. ल्वाझी ती दवाखान्यातून आणायचा आणि बाटली जुन्या बुटात दडवायचा. गोळ्यांची बाटली खुळखुळली की माणूस आजारी, हे वस्तीत ठरलेलंच. म्हणून त्याने आत कापूस कोंबला होता. आजारी नाहीस तर गोळी कशाला, असं आईने विचारलं असतं तर मंडिसी नुसता मित्र नाही हेही सांगावं लागलं असतं. मग घरात जागा राहिली असती की नाही, देव जाणे. त्यापेक्षा बूट बरा.

जेवून त्याने बाटली उघडली. त्याचा मळका कापूस गायब होता. त्याच्या जागी पांढराशुभ्र कापूस, नीट चेपून बसवलेला. म्हणजे आई पंधरा दिवस त्याच्या मरणाच्या धास्तीने झुरत होती, एचआयव्हीवरचा वस्तीतला घरगुती उपाय म्हणून बीट-लसूण चारत होती, आणि शेजाऱ्यांना खुळखुळ ऐकू जाऊ नये म्हणून कापूसही तिनेच बदलला होता.

तो तडक स्वयंपाकघरात गेला. आई उद्याचा लसूण सोलत होती.

"आई, मला काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून घेतो ती गोळी. कारण मी..."

"शप्पथ?"

"तुझी शप्पथ."

आई मटकन खुर्चीत बसली. रडली, मग हसली, मग सोललेला सगळा लसूण तिने त्याच्या अंगावर भिरकावला. "मेल्या, बोटं झिजली माझी सोलून सोलून!"

ल्वाझी खाली वाकून पाकळ्या वेचू लागला. आईने नाक पुसलं.

"आणि तो तुझा मंडिसी? तोही घेतो ना रोज, की त्यालाही बीट सुरू करू?"