एलिसेओचा फोटो उमटेना

पुन्हा काळी चौकट. खाली नाव, एलिसेओ, आणि वर काहीच नाही. थोड्या वेळाने चौकट विरली आणि पाववाल्या आजोबांचा चेहरा हळूहळू उजळत आला.

"बघा, बघा!" लिब्रादा मावशी चर्चसमोरच्या चौकात पडद्याकडे बोट दाखवत ओरडली. "माझं लेकरू मेलेल्यांत बसायलाच तयार नाही! जिवंत आहे म्हणून!"

नेरेइदाने मान खाली घातली. ही वेबसाइट तिनेच केलेली. निम्मं गाव उत्तरेला सीमेपलीकडे राबतंय, त्यांनाही मृतांच्या सणाला आपल्या माणसांचे चेहरे दिसावेत म्हणून. तेच फोटो इथे चौकातही दिसत होते. एलिसेओ असाच वाळवंट ओलांडायला म्हणून गेला, त्याला तीन वर्षं झाली. ना फोन, ना प्रेत. त्याचा फोटो त्याच्या बायकोने, मारिक्रूसने पाठवला, तेव्हा सासूने घर डोक्यावर घेतलं होतं. जित्या माणसाचा फोटो मेलेल्यांत लावून त्याचं मरण ओढवतेस होय गं, सटवे?

आणि आता फोटोच उमटेना! म्हातारीला आभाळ ठेंगणं झालं. तिने चौकात पाव वाटले. बायकांनी छातीवर क्रूस काढला. आमच्या गावाला काय, चमत्कार म्हटला की पुरे.

चमत्कार कसला, डोंबलाचा! नेरेइदाला दोष केव्हाच सापडला होता. मारिक्रूसने तो फोटो शहरातल्या स्टुडिओतून भलामोठा करून आणलेला. गावचं इंटरनेट म्हणजे गोगलगाय. फोटो पुरता उतरायच्या आत त्याची पाळी संपायची आणि पुढचा चेहरा उजळायला लागायचा. तिची वेबसाइट कुणासाठी थांबतच नव्हती. फोटो आधी येऊ दे, मग उजळ, एवढंच तिला शिकवायचं होतं. नेरेइदाने घरी ते करून पाहिलं. टोपी मागे सारून हसणारा एलिसेओ अंधारातून सावकाश वर आला. ती बघत राहिली. मग तिने ती दुरुस्ती पुसून टाकली. म्हातारीच्या तोंडचा घास काढून घ्यायला तिचा हात धजेना.

"झालं का गं दुरुस्त?" मारिक्रूसने दारातूनच विचारलं.

"नाही बाई. जमतच नाहीये."

"इतकी शिकलीस आणि एक फोटो लागेना?" मारिक्रूस हसायला गेली, पण तिला हसू काही आलं नाही. "मी ना धड बायको, ना धड विधवा. मला एकदा मोकळेपणी रडू तरी दे."

नेरेइदाने समोरचा लॅपटॉप मिटला.

सणाच्या दिवशी दुपारी चर्चच्या घंटा वाजायला लागल्या. घराघरांतून धुपाचा वास येत होता, उंबऱ्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरलेल्या होत्या. लिब्रादा मावशी नेरेइदाच्या दारात येऊन उभी राहिली. आज आवाज नव्हता की आरडाओरडा नव्हता. एप्रनला मोलेच्या, सणाच्या तिखट रश्श्याच्या, डागांचे ठिपके तसेच होते.

"खरं सांग. तुला जमत नाही, का तू करत नाहीस?"

"मावशी, तुमच्याचसाठी..."

"वाटलंच मला." म्हातारी दाराला टेकली. "सकाळी मोले ढवळत होते. गल्लीभर जेवणाची पानं मांडलेली. म्हटलं, आज सगळ्यांची गेलेली माणसं घरी येणार. आपला फोटो बघून आपलं घर ओळखणार, पोटभर जेवून जाणार. फक्त माझ्याच घरात फोटो नाही, पान नाही. माझ्या हट्टापायी..."

तिने एप्रनवरचा डाग नखाने खरवडला.

"लाव गं बाई तो फोटो. तीन वर्षं माझं पोर दारातून उपाशीच परत फिरत असेल."