फाट्यावरचा मका

सुनेने स्कूटी फाट्यावर थांबवली, तरी हायवे दिसेना. कोपऱ्यात घरचाच मका पुरुषभर वाढला होता. तिने पुढचं चाक डांबरावर घेतलं, तोच एक ट्रक हॉर्न देत नाकासमोरून गेला. मागे बसलेल्या सासूने, अनसूयेने, तिचा खांदा गच्च धरला.

“रोज अशीच जातेस?”

“पुढं आल्याशिवाय दिसतच नाही, आत्या.”

दवाखान्यातून परतल्यावर अनसूयेने विळा घेतला आणि कोपऱ्यातला मका कापायला लागली. नवरा धावत आला. “अगं, कणसं भरायचीत अजून!”

“म्हशी खातील. मला सून हवी.”

तो चिडून बांधावर बसला. थोड्या वेळाने दुधाचा टेम्पो आला. उजवीकडची भरधाव कार लांबूनच बघून ड्रायव्हरने ती जाऊ दिली. डावीकडे मात्र तो मान ताणत राहिला. तिकडे धाकट्या दिराचा, दत्तूचा, मका उभा होता, आणि वाटणीपासून भावाभावांचं बोलणं बंद होतं.

नवरा उठला, धोतर झटकलं आणि समोरच्या वस्तीकडे निघाला. कापता कापता अनसूयेला त्याची हाक ऐकू आली, “दत्तू, विळा घेऊन जरा फाट्यावर ये रे.”