लोखंडी घुबडाचे दोन चाहते

“तुम्हीही लोखंडी घुबडवाले?” असं विचारत एका अनोळखी बाईंनी आपला डबा त्याच्या टेबलावर ठेवला.

कामगारांच्या कॅन्टीनमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवणाऱ्या माणसाला सहसा कोणी काही विचारत नाही. त्याने आधी बाईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या छातीकडे. काळा टी-शर्ट, त्यावर हिरव्या अक्षरांत ‘लोखंडी घुबड’, खाली पंख पसरलेलं घुबड आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत ‘डबस्टेप’.

“हो,” तो म्हणाला. “म्हणजे, थोडंफार.”

“थोडंफार कसं? घुबड ऐकणारा एक तर वेडा होतो, नाहीतर कानात बोटं घालून पळतो.” बाईंनी डबा उघडला. “मी समोर उभी राहून ऐकलंय त्यांना. जमीन हादरत होती. दात वाजत होते माझे.”

खरं तर डबस्टेप नावाच्या त्या दणदणाटी संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. चाहत्यांचे कपडे छापणाऱ्या कारखान्यात तो कामाला होता. दिवसभर हुडी, टोप्या आणि टी-शर्टांवर कोणाकोणाची नावं उमटवायची; ती मंडळी वाजवतात काय, हे ऐकायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. अंगातला शर्ट टाकाऊ गठ्ठ्यातला. कापड बरं होतं, म्हणून घातला होता.

हे तिथल्या तिथे सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण मग बाई ‘अस्सं’ म्हणून उठून गेल्या असत्या. जेवताना त्याच्याशी कोणी बोललं, याला फार दिवस झाले होते. बायको गेल्यापासून घरात बोलणारा एक रेडिओच उरला होता, आणि तोही आपलंच खरं करणारा.

बाई शेजारच्या खेळण्यांच्या कारखान्यात बाहुल्यांचे डोळे रंगवायच्या. लेक लग्न होऊन दूर गेलेली. “रविवारी फोन करते. हवा कशी आहे विचारते. मी म्हणते, बरी आहे. संपलं बोलणं.” हे सांगून त्या हसल्या, पण त्याला हसू आलं नाही.

तेव्हापासून बाई रोज त्याच्याच टेबलावर. रोज घुबडाची नवी गोष्ट. घुबड म्हणजे दोघे भाऊ, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. जे काय भांडायचं, ते बटणं दाबून भांडतात. धाकटा चिडला की बासचा दणका वाढवतो.

“आणि थोरला?” तो विचारायचा.

“थोरला घाबरट आहे हो. तो आवाज कमी करतो.”

बाईंसमोर उघडं पडायला नको म्हणून त्याने घरी अभ्यास सुरू केला. फोनवर पहिल्यांदा डबस्टेप लावलं, तेव्हा मिक्सरमध्ये खडे पडल्यासारखं वाटलं. मग कळलं की सगळं एकदम गप्प होतं आणि त्यानंतर बास कोसळतो, त्यालाच ड्रॉप म्हणतात. फळीवरची भांडी थरथरली. घरात आणखी कोणीतरी वावरतंय असा भास झाला, आणि त्याने तेच पुन्हा लावलं.

एका सोमवारी बाई अगदी तसाच टी-शर्ट घालून आल्या.

“कपाटात तळाशी होता,” त्या म्हणाल्या. “बरा दिसतो ना?”

त्याने तो बराच वेळ निरखला, त्यातही घुबडाचे टपोरे डोळे. “फार छान,” एवढंच म्हणाला.

कॅन्टीनवाल्यांना आयतंच कोलीत मिळालं. “घुबडाला घुबडीण भेटली रे!” कोणीतरी ओरडलं. त्याचे कान तापले, पण राग काही आला नाही.

मग बाई म्हणाल्या, “शनिवारी संध्याकाळी घुबडाचा कार्यक्रम आहे. जुन्या गोदामात. याल ना?”

“इथं? आपल्या गावात?”

“हो,” बाई डब्यातून मान वर न काढता म्हणाल्या.

त्या आठवड्यात त्याला धड झोप लागली नाही. खरं बोलावं, तर बाई उठून जातील आणि पुन्हा त्या टेबलावर बसणार नाहीत. गप्प राहावं, तर शनिवारी सगळंच उघडं पडेल. इकडे आड, तिकडे विहीर.

शनिवारी गोदामाच्या दाराला कुलूप होतं. बाई आधीच येऊन उभ्या होत्या, केस नीट विंचरून, तोच शर्ट घालून.

“रद्द झालाय,” त्याने विचारायच्या आत त्या म्हणाल्या. “धाकट्याची तब्येत बिघडली.”

“अरेरे. फार काही नाही ना?”

“नाही. होईल बरा.”

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. निघायचं नाव दोघंही घेईनात.

“तुम्हाला एक सांगायचं होतं,” बाई म्हणाल्या. “राग येईल तुम्हाला.”

“मग नका सांगू. त्यापेक्षा कुठंतरी बसून चहा घेऊ. त्या दोघा भावांचं पुढे काय झालं, ते सांगा.”

बाईंनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग हळूच विचारलं, “तुम्ही कधीपासून आहात हो घुबडाचे?”

“तुमच्याही आधीपासून,” तो म्हणाला, आणि यात तसूभरही खोटं नव्हतं.

नवी हिरवी शाई धुण्यात टिकते का ते बघायला, मनात येईल ते नाव आणि जमेल तसं घुबड त्याने स्वतःच एका टाकाऊ शर्टावर उमटवलं होतं. दुसरा शर्ट त्याने कधी छापलाच नव्हता.