निळी धार

टिकारामने हातातली सुरी भिंतीवर फेकून मारली.

"सत्यानास केला! भट्टीले हात लावू नको म्हणून सांगतलं होतं ना तुले?"

सून श्रुतिका दारातच थांबली. मोतीबिंदू काढायला टिकाराम आठवडाभर गोंदियाला लेकीकडे होता. आज सकाळच्या गाडीने बालाघाटला उतरला, चहासुद्धा न घेता अंगणातल्या लोहारखान्यात शिरला आणि काळा चष्मा काढून फळीवरच्या सुऱ्या पाहू लागला. सगळ्या निळ्या! एकूण एक!

मटणवाला पुनाराम आपल्या सुऱ्या न्यायला आला होता. तो बाकावर बसला होता. टिकारामचा राग मुळातच नाकावर, त्यात ऐकायला गिऱ्हाईक समोर. त्याने तोंडाचा पट्टाच सोडला.

"पाह्य पुनाराम, पाह्य! नवरा उकव्याच्या खाणीत, अन् इथं ही मिस्त्री झाली!"

या सुऱ्या ट्रकच्या कमानपट्ट्याच्या. तापलेल्या पात्याला पाणी दिलं की ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. म्हणून पातं घासून पुन्हा थोडं शेकावं लागतं. शेकताना त्यावर रंग चढत जातो. गव्हाळ रंग आला की लगेच पाण्यात बुडवायचं. निळं होईपर्यंत थांबलं की धार मऊ पडते आणि हाडावर वळते. हे शेवटचं शेकणं घरातला मोठा माणूसच करणार, असा टिकारामच्या घरचा रिवाज. तीन वर्षं श्रुतिका घण मारत होती, पाती घासत होती. शेकायला मात्र त्याने तिला एकदाही दिलं नव्हतं, आणि तिला तेवढंच शिकायचं होतं.

"बोल ना! करून सवरून नामानिराळी उभी राह्यली! आजपासून लोहारखान्यात पाय ठेवायचा नाई. सांडशी दिसली तुह्या हातात, तर हात तोडीन!"

श्रुतिकाचा चेहरा लाल झाला. पुनाराम खाली बघू लागला. परक्या माणसासमोर हे ऐकावं लागलं म्हणून ती संतापली होती, आणि आज ती राग गिळून बसणार नव्हती. ती तरातरा आत आली आणि भट्टीवर झाकलेलं पोतं तिने ओढून काढलं.

राखेत मांजर व्यायली होती. डोळे न उघडलेली तीन पिल्लं तिच्या पोटाशी चिकटली होती. मांजरीने टिकारामकडे बघून फिस्स केलं.

"तुम्ही गेल्यापासून भट्टी पेटलीच नाई, मामाजी. फळीवरचा सगळा माल तुमच्या हातचा हाये," श्रुतिका म्हणाली. "पोळ्याले म्या सांगतलं होतं, रंग पुढं चालला म्हणून. काय केलं तुम्ही? सांडशी फेकून मारली मले!"

"खोटं!" टिकाराम ओरडला. "माह्या हातून निळं? चाळीस वर्षांत नाई झालं!"

त्याने राखेत हात घातला. राख थंड होती. मांजरीने बोचकारलं तरी हात काही वेळ तिथेच राहिला.

मग त्याने वाकून भिंतीपाशी पडलेली सुरी उचलली आणि दारातल्या उन्हात धरली. धार निळीच होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात व्हायचं होतं. टिकारामने राखेने भरलेला तळहात नव्या डोळ्यावर धरला.

मोतीबिंदूने पिवळट झालेल्या जुन्या डोळ्याला ती धार गव्हाळ दिसली, अगदी पाण्यात बुडवायच्या बेताची.