कडीवरचा मोर

भास घडवणाऱ्या मशरूमचा काढा पाजणाऱ्या परदेशी शिबिरात शाल्मलीला बालपणीची एक हरवलेली आठवण परत मिळाली होती. तिचं पुस्तक उद्या छपाईला जायचं होतं. म्हणून ते प्रकरण तिने आज मामाच्या तोंडावरच वाचलं.

“मामाने मला अडगळीच्या खोलीत कोंडलं. दाराच्या कडीवरचा पितळी मोर मला अजून दिसतो. त्या मोरावर मामाचा हात.”

मामाचा कप बशीवर वाजला. “मी? नाही गं पोरी.”

समोरच्याने नाकारणं हाच पुरावा, असं शिबिरात शिकवलं होतं. शाल्मलीने समासात बरोबरची खूण केली.

“ताई,” तिचा धाकटा भाऊ हेरंब म्हणाला. चाळिशीतही बाथरूमचं दार किलकिलं ठेवतो म्हणून घरात त्याची टिंगल व्हायची, सर्वांत जास्त शाल्मलीकडून. “तो मोर बाहेरच्या बाजूला आहे. आतून नुसत्या फळ्या दिसतात. मला पाठ आहेत त्या.”

शाल्मलीने खूण केलेल्या ओळीवर बोट ठेवलं. “पण मामाचा हात कडीवर होता. एवढं तरी खरं ना?”

“होता की,” हेरंब म्हणाला. “तू लावलेली कडी तो काढत होता.”